चोराच्या बापालाही न निघणारं चाक

दुधाच्या कॅनवर हात ठेवून सांगतो, या किश्श्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पाण्याचा एक थेंब नाही! आमच्या संस्थेची ती पांढरी जीप… पांढरी म्हणजे मुळात हिरवी होती, आणि संस्थेची म्हणजे आधी चेअरमनच्या मेहुण्याची होती, संस्थेच्या गळ्यात नंतर पडली. असो. एवढं सोडलं तर शब्द न् शब्द खरा.

हसू नका बे! माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, हे तुम्ही ऐकलं असेल. मी तो धोंडा आधी कानशीनं घासून गुळगुळीत केला आणि मग पाडून घेतला. आता बोला!

तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. कुठला म्हणून विचारू नका. इतर ठिकाणी दुष्काळ पाहुण्यासारखा येतो-जातो, आमच्या बीड जिल्ह्यात तो घरजावई आहे. टँकर यायचा दिवसाआड, आणि लोक पाण्याच्या ड्रमला कुलूप ठोकून झोपायचे. बायकांच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी ड्रमची किल्ली. आमच्या शेजारणीनं तर नवऱ्यालासुद्धा किल्ली दिली नाही. म्हणाली, "तुमी तांब्याभर म्हणून घेता अन् दाढी करता."

आमचं गाव धारूरच्या घाटाखाली, डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून थोडं आत. तिथल्या दूध संस्थेचा मी सचिव. दूध बहुतेक आटलेलं, तेव्हा उरलेल्या वेळात संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर मीच आणि मेकॅनिकही मीच. ड्रायव्हर मला संचालक मंडळानं केलं होतं. मेकॅनिक मी स्वतःच झालो होतो.

त्याच दिवसांत आसपासच्या गावांतून गाड्यांची चाकं जायला लागली. रात्री गाडी चाकांवर उभी, सकाळी बघावं तर विटांवर! आमच्या संस्थेचे चेअरमन आप्पा. देह पोत्यासारखा, आवाज नगाऱ्यासारखा. त्यांनी मला बोलावणं धाडलं.

"अंकुश, आपल्या जीपचं चाक गेलं तर?"

"जात न्हाई आप्पा."

"कावून जात न्हाई? त्याला मुळ्या फुटल्यात का?"

"तुमी निर्धास्त झोपा. माझ्यावर सोडा."

माझ्यावर सोडा! ह्या दोन शब्दांनी ह्या देशात जेवढं नुकसान झालंय तेवढं अवर्षणानं झालेलं नाही.

घरी आलो, जीपभोवती फिरलो आणि डोक्यात एकदम उजेड पडला. चाकाच्या नटाला कडा असतात. पाना त्या कडांना धरतो. बरोबर? मग कडाच नसल्या तर पाना धरणार कशाला? चोर येईल, पाना लावील, तो सुळकन फिरेल, चोर कपाळाला हात लावील आणि मुकाट्यानं आल्या वाटेनं जाईल. मोठमोठ्या मोटार कंपन्यांत इंजिनिअर खुर्च्या उबवत बसलेत, त्यांच्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं!

कानस काढली आणि बसलो. चारही चाकांचे नट असे घासले, असे घासले, की पोरांनी गोट्या म्हणून खेळायला न्यावेत. बोटांना फोड आले. पण काम बघून माझं मलाच कौतुक वाटलं.

एक विचार मात्र राहून गेला. चोराला हे नट काढता येणार नाहीत, इथपर्यंत डोकं व्यवस्थित चाललं. मलाही काढता येणार नाहीत, इथवर ते पोचलंच नाही.

आणि हे मी कुणाला सांगितलंही नाही. बंदोबस्ताची गोष्ट अशी चारचौघांत बोलायची असते का? चोराच्या कानावर गेली म्हणजे?

मग निघाला छावणीचा विषय.

चारा गावात उरला नव्हता. सरकारनं चारा-पाणी पुरवायचं, एखाद्या संस्थेनं चालवायचं आणि जनावरं तिथं दावणीला बांधायची, ती चाराछावणी. आमच्या भागाला एकच मिळणार होती. एक तर आमच्या संस्थेला, नाही तर ओढ्यापलीकडच्या वरच्या वाडीच्या संस्थेला. त्या वाडीचे चेअरमन नाना. आप्पा आणि नाना ह्यांचं असं होतं, की एकानं उजव्या कुशीवर झोपायचं ठरवलं तर दुसरा रात्रभर डाव्या कुशीवर. "छावणी मला मिळाली तर खालच्या गावाचं शेपूटसुद्धा आत घेणार न्हाई," हे नानांनी फाट्यावरच्या हॉटेलात जाहीरच केलं होतं.

निर्णयाची बैठक बीडला, दुपारी. ज्या संस्थेचा चेअरमन स्वतः हजर नाही, ती संस्था बाद.

आमच्या घरी एक म्हैस होती, चिमणी. नावावर जाऊ नका. दारातून आत येताना ती चौकटीला विचारत नसे. माझ्या बायकोचा, सुमनचा, त्या म्हशीवर जो जीव होता त्याच्या पासंगालाही मी पुरलो नसतो. आणि चिमणीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. बाजारचे व्यापारी दोनदा दारावरून जाऊन, मान वाकडी करून बघून गेले होते.

बैठकीच्या सकाळी मी चप्पल घालत होतो, तर सुमन म्हणाली, "छावणी न्हाई आली तर काय करायचं ठरवलंय?"

"बघू की."

"बघू न्हाई. चिमणीला बाजार दाखवायची येळ आली तर घरातून दोन दावी घेऊन जा. एका दाव्याला ती, दुसऱ्याला तुमी. जे आधी इकंल ते इका."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती, मंडळी. मी शोधली, पण नव्हती.

तर निघालो. आप्पा शेजारी, नवी टोपी, कडक धोतर, मांडीवर ठरावाची फाइल. वेळ मुबलक. आप्पा खुशीत. "आज नान्याचं तोंड बघायचंय मला," असं म्हणतायत तोच फाट्यावर, विष्णूच्या हॉटेलासमोर, मागून आवाज आला. फुस्स!

"पंक्चर?" आप्पा.

"पंक्चर."

"स्टेपनी हाय ना?"

"हाय की! टंच हवा हाय."

"मग बदल पटकन. तोवर मी घोटभर चहा घेतो."

मी उडी मारून उतरलो. शिट्टी वाजवत जॅक काढला, जॅक फिरवायची टॉमी काढली, पाना काढला. उजव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो, पाना नटावर ठेवला, जोर लावला.

पाना सुळकन फिरला.

शिट्टी थांबली. तुम्हाला सांगतो, त्या उन्हात माझ्या पाठीवरून जो गारवा उतरला तसा गारवा त्या साली माठाच्या पाण्यालाही नव्हता. मी त्या नटाकडं बघितलं. नटानं माझ्याकडं बघितलं. गोल, गुळगुळीत, चकचकीत! चोर कपाळाला हात लावील असं म्हणालो होतो ना? लावला. फक्त चोर मी होतो.

आधी रुमाल मध्ये घालून पाना बसवला. रुमाल फाटला. मग पत्र्याचा तुकडा ठोकून घातला. पत्रा उडून विष्णूच्या भज्यांच्या परातीत पडला. पाना वरून हातोडीनं ठोकला, तर पाना सरकला आणि माझी बोटं चाकाच्या रिमवर सोलली. आणि मागं आप्पांची सावली पडली.

"काय बे, चाक काढतोस का चाकाचे पाय चेपतोस?"

"निघतंय आप्पा. जरा जाम झालंय."

आप्पा वाकले. ते सहसा वाकत नाहीत. वाकले की वर यायला माणूस लागतं. नटाजवळ डोळे नेऊन म्हणाले, "ह्ये असे कावून हायेत? गोट्या हायेत का नट?"

आता इथं, बरोबर इथं, मी खरं बोललो असतो तर हा किस्सा संपला असता आणि तुमचा दुसरा चहा वाचला असता. देवाशपथ, तोंड मी खरं बोलायलाच उघडलं होतं. बाहेर आलं ते असं:

"आप्पा, कुणीतरी घासलेत."

यात खोटं काय आहे? सांगा ना! कुणीतरीच घासले होते की नाही?

"कुणी?"

मी नाव घेतलं नाही. कुणाचंही नाही! वाकून वाकून मान अवघडली होती, ती मी फक्त वर केली. आता माझ्या मानेच्या सरळ रेषेत ओढ्यापलीकडं वरची वाडी दिसत होती, हा काय माझा दोष? मी काय ती तिथं वसवली?

आप्पांनी माझ्या नजरेमागून नजर नेली. त्यांची मान हळूहळू तांबडी झाली, मग कान, मग नव्या टोपीखाली जेवढं काय होतं तेवढं सगळं.

"नान्या!" आप्पांनी अशी आरोळी ठोकली की विष्णूच्या हातातली किटली हिंदकळली.

आणि विष्णू! ह्या माणसाला मी आयुष्यभर फुकट दूध घालीन असं वाटलं आणि त्याच वेळी त्याचा गळा दाबावा असंही वाटलं. तो भजी सोडून पुढं आला आणि म्हणाला, "तरीच! परवा तुमची जीप हितं उभी असताना वाडीचा एक जण तिच्यापाशी घुटमळत होता. मी म्हणलं, काय पायजे? तर म्हणला, बिडी."

"बिडीच्या नावाखाली नट!" मागून कुणीतरी.

"त्याच्या हातात कानस होती का?" आप्पा.

"हात खिशात होते."

"मग खिशात कानस असणार!"

झालं! खटला संपला, निकाल लागला. घटकाभरात गावातली निम्मी माणसं फाट्यावर. दुष्काळात रानात काम नाही, करमणूक नाही, आणि आयतं एवढं मोठं कारस्थान दाराशी आलेलं. प्रत्येकाला आता काही ना काही आठवायला लागलं. एकाला काल रात्री घासल्याचा आवाज आला होता. दुसऱ्याला वाडीच्या बाजूनं येणारा लोखंडाचा वास आला होता. मी चाकापाशी बसून घामाघूम. कुणाला माझं तोंड दिसू नये म्हणून नटाला उगाच रॉकेल चोळतोय.

"रशीदभाईला बोलवा!" आप्पा गरजले.

रशीदभाई म्हणजे फाट्यावरचे मिस्त्री. गॅरेज टपरीएवढं, पण मिस्त्री बडे बोलके. गाडी दुरुस्त होईपर्यंत गाडीवाल्याच्या सात पिढ्या खोलून ठेवायचे. ते आले, बसले, नटावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आणि मान डोलवली, गवयाला दाद द्यावी तशी.

"वा! क्या काम है! ये किसने कर्या?"

"दुश्मनानं," आप्पा म्हणाले.

"दुश्मन होगा चेअरमनसाब, मगर हात देखो उसका. कईं उंच नै, कईं नीच नै. मशीन पे डालते तो भी ऐसा गोल नै होता. कोई बडा कारागीर है."

मंडळी, माझी अवस्था काय वर्णू! पोटात भीतीचा गोळा, आणि छातीत मात्र पोळा फुटलेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या हाताला कारागिराचा हात म्हणालं, आणि तोही मिस्त्री! गालावर हसू यायला लागलं. ते मी खोकून गिळलं.

पण रशीदभाई तिथं थांबतील तर ते रशीदभाई कसले? बोट हनुवटीला लावून म्हणाले, "मगर ये घंटे-दो घंटे का काम नै है. आराम से बैठ के कर्या है. चेअरमनसाब, गाडी खडी कहाँ रहती?"

"अंकुशच्या अंगणात."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. खोकला आपोआप थांबला.

"अंकुशभाई, तुमको आवाज नै आया?"

"माझी… झोप लई गाढ हाय, रशीदभाई."

"दिन में भी?"

"दिवसा मी संस्थेत असतो."

"संस्थेत दूध कुठंय?" असं कोण बोललं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तर त्याच्या दुधाचं फॅट मी कायमचं कमी लावीन.

"बास!" आप्पांनीच वाचवलं. "चौकशी नंतर. आधी चाक काढा. बैठक हाय."

रशीदभाईंनी एका मापानं लहान पाना घेतला आणि हातोडीनं नटावर ठोकून चढवला. गच्च बसला. त्यात पाइप घातला, दोन गडी लोंबकळले, आणि कर्रर्र करून पहिला नट सुटला. टाळ्या! दुसऱ्याला छन्नी तिरपी लावून ठोके दिले, तोही कुरकुरत फिरला. माझ्या जिवात जीव आला. पण पुढचे काही केल्या हलेनात. छन्नी घसरायची, पाना फिरायचा, रशीदभाई शिव्या घालायचे. मला कारण ठाऊक होतं, पण सांगू कुणाला? पहिले नट मी हात बसायच्या आधी घासले होते. पुढच्यांवर खरी कला उतरली होती.

रशीदभाई घाम पुसत उठले. "अब एकच इलाज. इसके उपर दुसरा मोठा नट ठेवायचा, वेल्डिंग मारायची, अन् त्या नटाला पाना लावायचा. मक्खन के माफिक निकलेगा."

"मारा की मग!"

"लाईट?"

लाईट भारनियमनात. संध्याकाळशिवाय यायची नाही.

आप्पांनी घड्याळ बघितलं. मी आप्पांकडं बघितलं. बीडची एसटी केव्हाच निघून गेली होती. मोटारसायकली होत्या, पण आप्पा मोटारसायकलवर एकदाच बसले होते आणि तेव्हा पुढचं चाक उचलून गाडी घोड्यासारखी उभी राहिली होती. मी तशाच पंक्चर चाकावर जीप थोडी पुढं घेऊन बघितली, रबरानं अशी काय फडफड केली, की आप्पाच ओरडले, "थांब बे, रिम बी जाईल!"

मला सारखी ती दोन दावी दिसत होती. एक चिमणीच्या गळ्यात. एक रिकामं.

आणि नेमका तेव्हाच वरच्या वाडीच्या रस्त्यावर धुरळा उठला. नानांची गाडी! तेही बैठकीलाच निघाले होते. फाट्यावरूनच जाणार, दुसरा रस्ताच नाही.

पब्लिकला कुणी काही सांगितलं नाही. विष्णूनं स्वतःचं बाकडं उचललं आणि रस्त्यात आडवं टाकलं. गाडी थांबली. नाना उतरले, काटकुळे, गॉगल लावलेले, गळ्यात पंचा.

"कावून आडवलं बे?"

आप्पा पुढं झाले. "नान्या, नट घासतोस व्हय रं?"

"कसले नट?"

"चाकाचे!"

नानांनी गॉगल काढला. "आप्पा, ऊन लागलं का तुला? त्या तुझ्या गंजक्या जीपला हात लावून मला काय धनुर्वात करून घ्यायचाय?"

"बिडीचं निमित्त करून माणूस धाडलास!"

"बिडी? आमच्या वाडीत बिड्या मिळत न्हाईत का?"

"मग हितं आला कावून?"

"कोण आला?"

"ज्याच्या खिशात कानस होती त्यो!"

आता सांगा, ह्याच्यावर माणसानं काय उत्तर द्यायचं? नानांनी आधी थोरपणानं घेतलं. मग कुणीतरी त्यांच्या गाडीच्या हवेला हात घातला, तसा त्यांचा आवाज चढला. वाडीला खबर गेली. तिकडून माणसं ओढा उतरून यायला लागली. एक चाक पंक्चर, दोन गावं समोरासमोर, मधोमध विष्णूचं बाकडं!

"सोड मला, बैठकीला जायचंय!" नाना.

"मला बी जायचंय!" आप्पा.

"मग जा की!"

"कशावर जाऊ? चाक तू खाल्लंस!"

"मी न्हाई गेलो तर तू बी जात न्हाई!"

"मी न्हाई गेलो तर तू बी न्हाई!"

तेवढ्यात नानांचा ड्रायव्हर गाडीतूनच हळूच म्हणाला, "नाना, घाटावरच्या संस्थेचा चेअरमन मघाशीच पुढं गेलाय. त्यानं बी अर्ज टाकलाय म्हणत्यात."

दोघंही हजर नसले तर छावणी जाणार घाटावर. आणि आमच्या काय नि वाडीच्या काय, हाडं झालेल्या जनावरांना घाट चढवणार कोण? प्रत्येक जण आपापल्या गोठ्यात जाऊन आल्यासारखा दिसत होता. वाडीच्या एका म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं. आप्पा नानांकडं बघेनात, नाना आप्पांकडं. पण मागं कुणी हटेना! हटलं की खाली मान. मान जाण्यापेक्षा म्हैस गेलेली परवडली.

आणि मग, मंडळी, मी उठलो.

जीपच्या बोनेटवर चढलो. दोन्ही हात वर केले. आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "थांबा! गुन्हेगार वाडीत न्हाई, गुन्हेगार हितं उभा हाय! नट मी घासले. चोरापासून जीप वाचवायला घासले, आणि भीतीपायी खोटं बोललो. मला काय करायचं ते करा. जोडे मारा, सचिवपद घ्या. पण मुक्या जनावरांसाठी ही दोन गावं भांडू नका!"

विष्णूच्या चुलीवरचा चहा उतू गेला तरी कोणी हललं नाही. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. त्या साली आमच्या शिवारात तेवढंच पाणी होतं.

सगळ्यांत आधी नाना हसले. हसता हसता बाकड्यावर बसले. "आप्पा, असला सचिव पाळल्यावर दुश्मन कशाला लागतोय तुला? बस गाडीत."

"तुझ्या गाडीत?"

"मग काय पायी जातोस? बस, तोंड तिकडं करून बस. मी बी इकडं करून बसतो."

आप्पा बसले. गाडी हलायच्या आधी त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि टोपी सरळ केली. एक शब्द नाही! शिव्या दिल्या असत्या तर निदान दोन घास खाली उतरले असते. त्या दिवशी मी विष्णूचं एक भजंसुद्धा गिळू शकलो नाही. दिवसभर जीपच्या सावलीत बसून राहिलो, सावली सरकेल तसा सरकत. गावातली माणसं येऊन मला बघून जायची. वाडीची माणसं पोरांना घेऊन यायची. "ह्यो बघ," म्हणायची.

संध्याकाळी लाईट आली. रशीदभाईंनी मोठे नट चढवून वेल्डिंग मारली आणि नट खरंच लोण्यासारखे निघाले. तोवर नानांची गाडी परत आली. दोघंही उतरले, दोघांचीही तोंडं आंबट.

मी पुढं धावलो. "आप्पा… गेली का छावणी?"

"गेली न्हाई," आप्पा म्हणाले. "आमी दोघं एका गाडीतून उतरलेलो बघितलं अन् साहेबाला वाटलं, ह्यांनी आपसांत मिटवलं. म्हणला, वा वा, सहकार म्हणतात तो ह्यो! दोन्ही संस्थांनी मिळून चालवा, फाट्यावर. आता एवढ्या माणसांत न्हाई म्हणायला तोंड कुठं ऱ्हायलं?"

अशी छावणी मिळाली. महिनाभरात चिमणीच्या बरगड्या आत गेल्या आणि सुमन माझ्याशी बोलायला लागली. आप्पा आणि नाना दावणीच्या दोन टोकांना खुर्च्या टाकून, एकमेकांकडं पाठ करून बसायचे. पण बसायचे.

काय म्हणता? बोनेटवर चढून केलेलं ते भाषण आवडलं? मलाही आवडतं. आरशासमोर बसवलंय ते, पुष्कळदा. कारण ते मी केलंच नव्हतं. आता कधी रशीदभाईंच्या गॅरेजात गेलात तर ते सांगतीलच, त्यापेक्षा मीच सांगतो.

खरं तर मी जीपच्या मागं, चाकाला टेकून, डोकं गुडघ्यांत घालून बसलो होतो. ठरवून टाकलं होतं, की तोंड उघडायचं नाही. छावणी घाटावर जाऊ दे, दोन्ही दावी बाजारात जाऊ देत, मी सरळ अंबाजोगाई गाठतो आणि तिथं कुणाच्या तरी दुकानात पोती उचलतो. एवढ्यात नानांचा ड्रायव्हर खाली उतरला. माझ्याशेजारी बसून त्यानं नटांवरून बोट फिरवलं आणि नानांना हाक मारून म्हणाला, "नाना, ह्ये आपल्या वाडीत कुणाला जमायचं न्हाई. एवढी सफाई म्हणजे रशीदभाईचाच हात!"

आणि रशीदभाईंनी काय करावं? नाही म्हणावं ना? नाही! दोन्ही गावं अंगावर येतील याची पर्वा न करता त्यांनी हात पुसले, मान खाली घातली आणि लाजत म्हणाले, "अब क्या बोलूं… उपरवाले की देन है."

एवढं मात्र सहन झालं नाही. मी ताडकन उठून ओरडलो, "ओ रशीदभाई! कानस माझी, फोड माझ्या बोटांचे, अन् देन तुमची कशी?"

दोन्ही गावांची तोंडं माझ्याकडं वळली. आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चला, कळलं तरी ह्यांना काम कुणाचं होतं ते!